तिसऱ्या पायरीवरचं फडकं

आमच्या कामात बोलायचं नसतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी ताई म्हणाली, "अगंबाई, म्हणजे तुझ्यासाठीच काढलंय की हे काम!" तिला काय जातंय बोलायला. दर रविवारी फोन करते, पाऊण तास एकटीच बोलते आणि शेवटी मलाच म्हणते, "तू काही सांगतच नाहीस गं."

सांगायचं काय? आमच्याकडे जुनी विमानं येतात. पंचवीस-तीस वर्षं उडून दमलेली. त्यांची इंजिनं उतरवली की इंजिन ज्यांना टांगलेलं असतं ते जाडजूड पोलादी जोड उघडे पडतात. एकेका पंखाखाली दोन, एक पुढचा, एक मागचा. विमानाला असे चार. त्या चार जोडांना कुठे तडा गेलाय का, ते मी बघते. तडा म्हणजे भिंतीला जातो तसा नव्हे हां. केसाहून बारीक, आणि लांबीला नखाएवढासुद्धा नाही. नुसत्या डोळ्यांना तो दिसतच नाही. म्हणून जोड घासूनपुसून लख्ख करायचा, वर पातळ रंग फवारायचा आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. फट असेल तर रंग तिच्यात मुरतो. मग वरवरचा रंग पुसायचा, पांढरी पावडर मारायची, अंगावरून काळं कापड ओढून घ्यायचं आणि आत जांभळा दिवा लावून भिंगातून बघायचं. फट असली तर मुरलेला रंग वर येतो आणि हिरवी रेघ चमकते. नसली तर काळोख. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा काळोखच.

हँगरमध्ये मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे भिंग. मला हे माहीत नाही असं त्यांना वाटतं. म्हणोत बापडे. त्या कापडाखाली मी भर दिवसा कितीतरी तास एकटी काढलेत, पण खोटं कशाला बोलू, घरच्या दोन खोल्यांत जेवढं एकटं वाटतं तेवढं तिथे कधी वाटलं नाही. कारण माझ्यामागून त्याच शिडीवर, त्याच कापडाखाली, तीच जागा बघायला मास्तर यायचे.

आमच्याकडे प्रत्येक जोड दोघांनी बघायचा असा नियम आहे. पहिल्याने बघायचं, सगळं पुसून कोरं करायचं, आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून रंग मारून बघायचं. पहिल्याला काय दिसलं ते दुसऱ्याला कळता कामा नये. शब्दाने नाही, खुणेने नाही, भुवई वर करूनसुद्धा नाही. दोघांचे कागद साहेबांच्या टेबलावर पोहोचेपर्यंत तोंडाला कुलूप. माझं काम उरकलं हे मास्तरांना कळायला एकच खूण ठरलेली होती. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मी माझं फडकं टांगायचे. फडकं दिसलं की ते वर चढायचे.

मास्तर म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं ते. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे. बायको गेलेली. मुलगा आणि सून नोकरीवाले, चांगले आहेत, पण सकाळी आठला घर रिकामं होतं ते रात्रीपर्यंत. कंपनीच्या बसमध्ये मास्तर माझ्या आधीच्या थांब्यावर चढायचे आणि शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवायचे. मी चढले की पिशवी त्यांच्या मांडीवर आणि खिडकी मला. तपासणीच्या दिवशी सकाळी आम्ही एकमेकांना साधं "काय कसं काय" सुद्धा विचारायचो नाही. दुपारी दोन टेबलांवर दोघं जेवायचो. संध्याकाळी बस फाटकाबाहेर पडली की ते म्हणायचे, "हं, बोल आता."

आणि मी बोलायचे! नळाची चावी फिरत नाही इथपासून शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली इथपर्यंत. ताईच्या फोनची तर मी नक्कल करायचे. ही मी, जिला सगळं घर घुमी म्हणत आलं. पाऊण तासाचा रस्ता होता. माझं दिवसभराचं बोलणं त्या पाऊण तासात व्हायचं, उरलेला दिवस आणि अख्खी रात्र नुसती ढकलायची.

तीन वर्षांपूर्वी एकदा दोघांचे कागद जुळले नाहीत. माझ्या कागदावर एक रेघ होती, मास्तरांच्या कागदावर "काही नाही". तिसऱ्या माणसाने बघितलं, रेघ होती. साहेबांनी नियमाप्रमाणे मास्तरांच्या नावापुढे एक चूक मांडली. अशी दुसरी चूक झाली की शिक्का जातो. शिक्का म्हणजे आमचा अंगठा म्हणा ना. प्रत्येकाचा नंबर वेगळा, त्याच्याशिवाय कागदाला किंमत नाही. मास्तरांचा अकरा, माझा सत्तावीस.

त्यानंतरच्या तपासणीला मी खालून बघत होते. कापड अंगावर घेण्याआधी मास्तर भिंग जवळ न्यायचे, लांब न्यायचे, पुन्हा जवळ, आणि मान अशी तिरकी करायचे की जणू जोडाकडे नाही, त्याच्या शेजाऱ्याकडे बघतायत. दरवर्षी आमची डोळेतपासणी होते, पण तिचं काय सांगायचं! डॉक्टरांकडे बारीक अक्षरांचं एकच कार्ड आहे, अकरा वर्षं तेच. त्यात एका बागेचं वर्णन आहे. आम्हाला सगळ्यांना ते तोंडपाठ. डॉक्टरांनी कार्ड उलटं धरलं असतं तरी मास्तरांनी ते घडाघडा म्हटलं असतं.

पुढच्याच महिन्यात मला एका विमानाच्या उजव्या मागच्या जोडावर रेघ दिसली. मी लिहिली, सगळं पुसलं, तिसऱ्या पायरीवर फडकं टांगलं, दोन पायऱ्या उतरले. मग परत चढले आणि फडक्याच्या कोपऱ्याला गाठ मारली. हात आपोआप गेला वगैरे काही नाही. चांगला विचार करून मारली. त्या दिवशी मास्तरांच्या कागदावर रेघ बरोब्बर त्या जागी होती. संध्याकाळी बस फाटकाबाहेर पडली आणि ते म्हणाले, "हं, बोल आता." गाठीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, मीही बोलले नाही. त्यानंतरही कधी नाही. अळीमिळी गुपचिळी. तीन वर्षांत मी अशा सात गाठी मारल्या.

मी मनाची समजूत घातली होती. गाठ नसेल तिथेही मास्तर बघतातच की. कापडाखाली तासतासभर असतात. डोळे थकलेत, पण हात मुरलेला आहे. वेळ लागतो इतकंच.

आता त्या गुरुवारचं सांगते.

एकतीस वर्षांचं विमान होतं. एकशे ऐंशी खुर्च्यांचं. खुर्च्या काढून हँगरच्या कोपऱ्यात रचल्या होत्या, वर प्लास्टिक टाकून. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, पण मोठा हीटर चालू होता म्हणून आत बरं होतं. मी उजव्या पुढच्या जोडापासून सुरुवात केली. गुडघे कुरकुरत होते. हल्ली ते रोजच कुरकुरतात, त्यांना दुसरं काम काय! तीन जोड नीट झाले. काही नाही, काही नाही, काही नाही. प्रत्येक शिडीला एकेक फडकं, बिनगाठीचं. दुपारनंतर राहिलेला चौथा केला, डावा मागचा. रंग मारला आणि माझा घड्याळी कोंबडा लावला. ताईने दिलेला, स्वयंपाकघरात वापरतात तसला, वीस मिनिटांनी कुकूचकू करतो. त्यावरून हँगरमध्ये माझी कोण टिंगल होते! कोंबडा आरवला, मी पुसलं, पावडर मारली, दिवा लावला. काळोख. फडकं टांगलं आणि हात धुतले.

संध्याकाळी बसमध्ये मी मास्तरांना मांजरीच्या पिल्लांची हकिकत पुरी सांगितली. एक पिल्लू मला घे म्हणून शेजारीण मागे लागली होती. मास्तर म्हणाले, "घे की. घरात कुणीतरी म्याव करेल." मी हसले.

शुक्रवारी सकाळी हँगरमध्ये शिरले तर हीटर उघडून एक मेकॅनिक त्यात डोकं घालून बसलेला.

"काय झालं याला?"

"काल दोन वाजताच बंद पडला मॅडम. तुम्हाला कळलं नाही? चारला तर आत सहा डिग्री होतं."

मी मनातल्या मनात वेळ मोजली. थंडीत रंग मुरायला दुप्पट वेळ लागतो. दहा डिग्रीच्या खाली चाळीस मिनिटं द्यायची, हे मीच नव्या लोकांना शिकवते. कापडाखाली, जाड कोटात, घामाघूम होऊन बसणाऱ्या मला हीटर बंद पडल्याचं समजलं नव्हतं, आणि कोंबड्याला काय, त्याला वीसच माहीत. डाव्या मागच्या जोडाला मी अर्धाच वेळ दिला होता. तिथे रेघ असती तरी ती मला दिसली नसती.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण माणूस सरळ. मी म्हटलं, "डावा मागचा मला परत करायचाय. वेळ कमी दिला मी."

त्यांनी दोन्ही कागद काढले. "मॅडम, मास्तरांच्या कागदावर चाळीस मिनिटं लिहिलीत. काही नाही म्हणतायत. मग झालं तर! दोन माणसं कशाला ठेवलीत आपण? एक चुकला तर दुसरा असावा म्हणूनच ना? उद्या सकाळी इंजिन चढवायचंय, आता उकरून काढू नका. जा, चहा घ्या."

बाहेर आले ती पिसासारखी हलकी होऊन. मास्तरांनी सांभाळून घेतलं! मी विसरले तरी ते चाळीस मिनिटं विसरले नाहीत. गुरू तो गुरू. इतकं बरं वाटलं मला, की रिकामे कॅन परत करायला स्टोअरच्या खिडकीशी उभी होते तेव्हा मी चक्क गुणगुणत होते.

रंगाचा कॅन प्रत्येक तपासणीला नवा घ्यायचा असतो, सही करून. स्टोअरवाल्याने माझा कॅन हलवून बघितला. खडखडीत रिकामा.

"मास्तरांकडून शिका जरा," तो म्हणाला. "चार जोड बघतात आणि कॅन जसाच्या तसा परत. सीलसुद्धा फोडत नाहीत!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? आधीचा उरलेला पुरवून वापरत असतील. चार महिने हाच कॅन नेतात आणि हाच आणून देतात. बघा, मी गंमत म्हणून वर खूण केलीय."

त्याने कॅन माझ्यासमोर ठेवला. झाकणावर निळ्या शाईची फुली, आणि झाकणाखालची प्लास्टिकची पट्टी अखंड. मी हलवला. भरलेला होता. उरलेला रंग वापरत असतील हे स्टोअरवाल्याने मानलं, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पण उघडलेला कॅन त्याच दिवशी टाकून द्यावा लागतो हे मला माहीत होतं, आणि ज्यांनी ते मला शिकवलं त्यांनाही माहीत होतं.

चार महिन्यांत आमच्या हातून सहा विमानं गेली होती, आणि एकाही फडक्याला मी गाठ मारली नव्हती.

दुपारच्या सुट्टीत मास्तर काढलेल्या खुर्च्यांच्या मागे डबा खात बसले होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"मास्तर, तुमचा कॅन बघितला मी. स्टोअरमध्ये."

त्यांनी घास खाल्ला. पाणी प्यायले. मग डब्याचं झाकण लावलं, हळूहळू, चारी बाजूंनी दाबून.

"गाठ नव्हती," ते म्हणाले.

तीन वर्षांत पहिल्यांदा तो शब्द आमच्यात आला.

"गाठ नव्हती म्हणून बघायचंच नाही?"

"बघून काय करू? दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. गाठ असली की तिथे जीव ओतून बघतो, मान वाकडी करकरून, तीन-चार तासांनी मिळते रेघ. चारही जोडांना असं करायला मला दोन दिवस लागतील."

"मग तासतासभर आत काय करता?"

"बसतो." ते म्हणाले. "दिवा लावतो आणि बसतो."

मला इतका राग आला की रडूच आलं. मी त्यांना डाव्या मागच्या जोडाचं सांगितलं. हीटरचं, कोंबड्याचं, वीस मिनिटांचं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "रेघ असती तर तुला दिसली असती. तुझा हात मी घडवलाय."

"रंग मुरलाच नसेल तर हात काय करणार? मी साहेबांकडे जाऊन आले. माझी चूक सांगितली. ते म्हणतात, दुसऱ्याने बघितलंय ना! मी कितीही बोंबलले तरी तुमच्या कागदापुढे माझी चूक चूकच ठरत नाही. तुम्ही सांगायला हवं, मास्तर."

"रिटायर व्हायला अकरा महिने राहिलेत गं माझे."

त्यांनी डबा पिशवीत घातला.

"घरी दिवसभर काय करू? भिंती बघू? त्या बघायला तर भिंगही लागत नाही." हसायचा प्रयत्न केला त्यांनी. मी हसले नाही. त्यांचा चेहरा मग एकदम म्हातारा झाला. "आंधळा म्हणून घरी बसवतील मला. एवढी वर्षं लोकांनी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला."

मला काय ते कळत नव्हतं? ते घरी बसणार म्हणजे बसमधली खिडकी गेली, "हं, बोल आता" गेलं. माझं तरी दुसरं कोण होतं? पण मी ज्या खुर्चीला धरून उभी होते तिच्या खालच्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. च्युइंगगम. कुण्या आगाऊ पोराने चिकटवलेलं, दगड झालेलं. अशा एकशे ऐंशी खुर्च्या होत्या आणि सोमवारी त्या भरणार होत्या.

"उद्या सकाळी इंजिन चढवायच्या आत तुम्ही स्वतः साहेबांना सांगा," मी म्हटलं. "सुट्टी घ्या, डोळे तपासा, काहीही करा, पण सांगा. गाठीचं मी कुणाला कळू देणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

मी खुर्ची सोडली आणि निघून आले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

त्या संध्याकाळी बसमध्ये त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, मी खिडकीशी बसले. बस फाटकाबाहेर पडली. ते काही बोलले नाहीत. पाऊण तास आम्ही दोघं समोरच्या सीटची पाठ बघत होतो. उतरताना मी "येते" म्हटलं, त्यांनी मान हलवली.

शनिवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनकडे नजर लावून उभी राहिले. आठ वाजले, सव्वाआठ वाजले. इंजिनाखाली गाडा आला, साखळ्या लागल्या. मास्तर तिथेच उभे होते, हात मागे बांधून, मान तिरकी करून इंजिनाकडे बघत. किंवा बघत नसतील. त्यांना ते दिसत होतं की नव्हतं, देव जाणे. साखळ्या ताणल्या गेल्या तरी ते हलले नाहीत.

मग मी जिना चढले. मला सत्याचा पुळका आला होता असं समजू नका. मला भीती वाटत होती, आणि भीतीहून जास्त राग येत होता. त्यांचा, माझा, त्या मेल्या कोंबड्याचासुद्धा. साहेबांना मी सगळं सांगितलं. कॅनचं सांगितलं आणि गाठीचं सांगितलं. गाठ त्यांना पहिल्या फटक्यात समजेना.

"गाठ? कसली गाठ?"

मी खिशातून रुमाल काढला, कोपऱ्याला गाठ मारली आणि टेबलावर ठेवली. त्यांनी रुमाल उचलून गाठ चाचपली. मग खिडकी उघडून खाली ओरडले, "थांबवा! इंजिन खाली घ्या!"

खाली साखळ्यांचा खडखडाट झाला आणि सगळ्यांच्या माना वर वळल्या. मास्तरांचीही. मी खिडकीत होते. माझा चेहरा त्यांना दिसला नसेल, पण कोण उभं आहे ते त्यांना कळलं असणार.

दुपारपर्यंत दोघांचे शिक्के साहेबांच्या कपाटात गेले. मास्तरांना न्यायला मुलगा गाडी घेऊन आला. आपलं कपाट रिकामं करून ते निघाले तेव्हा सगळे मेकॅनिक त्यांच्या पाया पडायचेच काय ते बाकी होते, आणि माझ्याशी कुणी धड बोलेना. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं कुणीतरी मला ऐकू जाईल इतपत हळू म्हणालं. सहा महिने मला स्टोअरच्या खिडकीत बसवलं. संध्याकाळी बसमध्ये त्यांची सीट रिकामी होती. मी माझी पिशवी तिच्यावर ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली.

सोमवारी बाहेरून दोन तपासनीस आले. त्यांनी चारही जोड पुन्हा बघितले, आमचे आधीचे सगळे कागद चाळले, ती सहा विमानंही परत बोलवायची ठरली. बुधवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"डावा मागचा जोड," ते म्हणाले. "काहीही नाही. स्वच्छ आहे."

मी खुर्चीत बसले. काहीच नव्हतं! म्हणजे त्या वीस मिनिटांपायी मी त्या माणसाला उगाच घरी बसवलं, हे माझ्या डोक्यात येतंय न येतंय तोच ते म्हणाले, "उजवा पुढचा. तिथे आहे. चार मिलिमीटर."

"उजवा पुढचा?" "तो तर मी सकाळी केला. हीटर चालू होता. वेळ पुरा दिला होता."

"मलाही नवल वाटलं," साहेब म्हणाले.

म्हणजे जिथे चुकले म्हणून जीव टांगणीला लागला होता तिथे काही नव्हतं. जिथे शंकासुद्धा आली नव्हती तिथे तडा होता.

रविवारी ताईचा फोन यायच्या आत मी घर सोडलं आणि मास्तरांकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सुनेने दार उघडलं. माझं नाव तिने घरात ऐकलेलं असणार, कारण ती क्षणभर दारातच घुटमळली. मग म्हणाली, "बाबा गॅलरीत आहेत."

ते एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, तोंड बाहेर करून. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. मी शेजारी उभी राहिले. बसायला दुसरी खुर्ची नव्हती आणि त्यांनी मागवलीही नाही.

"सापडला, मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी खुर्चीचा हात बोटांनी चाचपला.

"कुठे?"

"उजवा पुढचा. दुसऱ्या बोल्टच्या वर, आतल्या वळणात."

"खालून बघितलंस."

ते विचारत नव्हते, सांगत होते. मी म्हटलं, "हो."

"मी काय शिकवलं होतं? पहिल्याच आठवड्यात? वळण खालून दिसत नाही. शिडीच्या फळीवर पालथं व्हायचं, मान खाली घालायची आणि वरून बघायचं. दहा वेळा करून घेतलं होतं तुझ्याकडून."

"गुडघे टेकवत नाहीत हो हल्ली. दोन-तीन वर्षं झाली. पालथं व्हायचं म्हणजे जिवावर येतं. मी खालूनच बघते. म्हटलं, वरून बघायला मागून तुम्ही येताच की."

हे मी बोलून गेले आणि तोंडावर हात ठेवला.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. ज्या माणसाला दिसत नाही म्हणून मी फडक्याला गाठी मारत होते, त्याच माणसाच्या भरवशावर मी वरून बघायचं सोडून दिलं होतं. साहेबांसमोर मी कॅन काढला, गाठ काढली, गुडघे मात्र काढले नाहीत. मला ते आठवलेच नव्हते. मास्तर म्हणजे मास्तर, ते बघतील. त्यांचे डोळे गेलेत हे मला माहीत होतं आणि तरी ते बघतील.

मास्तरांनी मान वळवली. माझ्याकडे बघायला त्यांना ती तिरकी करावी लागली.

"आणि मी म्हणत होतो," ते म्हणाले, "पुढे तू आहेस."

आत सुनेने कपबश्या काढल्याचा आवाज आला. मी उभीच होते आणि रडत होते, आणि त्यांनी मला रडू नको म्हटलं नाही. चहा आला. तो आम्ही प्यायलो. मी "येते" म्हटलं. ते म्हणाले, "ये." पुन्हा ये म्हणाले की नुसतंच जा या अर्थी म्हणाले, ते मी विचारलं नाही. त्यानंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा सून म्हणाली, बाबा झोपलेत.

सहा महिन्यांनी डोळे तपासून माझा शिक्का मला परत मिळाला. डॉक्टरांचं कार्डही बदललं होतं. आता नव्या कार्डावर कुठल्याशा पुलाचं वर्णन आहे, आणि ते कार्ड दर महिन्याला बदलतात. माझ्यामागून आता एक नवा तपासनीस बघतो. माणूस चोख. बोलायचं नाही हा नियम इतका पाळतो की तपासणी नसेल त्या दिवशीही बोलत नाही. बसमध्ये तो पुढे बसतो. मी मागे, खिडकीशी. बस फाटकाबाहेर पडते तेव्हा दर वेळी मी काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि मिटते. मांजरीचं ते पिल्लू मी घेतलं. ते म्याव करतं, नाही असं नाही.

वळण आता मी वरून बघते. फळीवर पालथी होऊन, मान खाली घालून. गुडघे बोंबलतात, बोंबलू देत. थंडी असो नसो, चाळीस मिनिटं देते. कोंबडा दोनदा आरवतो, आणि त्या दोन आरवण्यांच्या मधे, काळ्या कापडाखाली, मला फार एकटं वाटतं. सांगायला लाज कसली? पूर्वी वाटत नसे, आता वाटतं.

काम झालं की मी सगळं पुसते आणि शिडी उतरायला लागते. तिसऱ्या पायरीशी हात अजून थांबतो. तिथे फडकं टांगायचं आता बंद केलंय. पत्र्याची एक पाटी असते, ती उलटी करून ठेवायची की दुसऱ्याला कळतं. पाटीला गाठ मारता येत नाही. मी ती उलटी करते आणि खाली उतरते.